कार्डिओलॉजिस्ट आणि कार्डिॲक सर्जन: 'हार्टचे डॉक्टर' दोन, वाटा वेगळ्या

"ज्यांनी अँजिओग्राफी केली, तेच डॉक्टर बायपास करतील ना?" पेशंटचे नातेवाईक हे हमखास विचारतात. बायपास करणारे डॉक्टर वेगळे असतात. दोघांच्या वाटा एमबीबीएसनंतरच फुटतात.

कार्डिओलॉजिस्ट मुळात फिजिशियन. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी (बहुधा मेडिसिन), मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं डीएम, म्हणजे हृदयरोगातली सुपरस्पेशालिटी. मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून तार सरकवून तो ब्लॉकेज उघडतो, स्टेंट बसवतो. छाती उघडतो तो सर्जन. तो एमएस करून एमसीएचला, म्हणजे सर्जरीतल्या सुपरस्पेशालिटीला जातो, किंवा एमबीबीएसनंतर थेट त्याच दर्जाचं सहा वर्षांचं डीआरएनबी करतो. बेरीज दोन्हीकडे साडेअकरा वर्षं, प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळीच.

कोणी काय करायचं याची हद्द मात्र सरकत राहिली. 1977 मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी उघडली. 2002 मध्ये फ्रान्समध्ये क्रिबिए यांनी छाती न उघडता महाधमनीची झडप बसवली. सर्जनची म्हणून समजली जाणारी कामं कॅथलॅबकडे, म्हणजे कार्डिओलॉजिस्ट तार सरकवून उपचार करतो त्या खोलीकडे, येऊ लागली. त्यामुळे मोठ्या शहरात आता नुसत्या डीएमवर भागत नाही. हृदयाचे ठोके बिघडवणारे दोष, झडपा, इमेजिंग यांपैकी एकात फेलोशिप केलेली असावी, अशी अपेक्षा असते. लहान शहरात मात्र ओपीडी, टूडी एको आणि रात्री दोनची अँजिओप्लास्टी हे सगळं एकट्यालाच बघावं लागतं.

मला जास्त काळजी तरुण सर्जनची वाटते. सोप्या केसेस स्टेंटवर निभावतात. ऑपरेशन टेबलवर येतो तो तीन धमन्या तुंबलेला, बरेचदा मधुमेही, कधी आधीच स्टेंट घातलेला पेशंट. असा पेशंट शिकाऊ हातात कोण देईल? मग मुलगा बायपाससाठी पायातली शीर काढतो, छाती शिवतो, पण धमनीला टाका घालायची पाळी फार उशिरा येते. पदवी मिळाल्यावरही काही वर्षं तो सीनियरचा मदतनीसच असतो, आणि तोवर डीएम झालेला वर्गमित्र स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करू लागलेला असतो. तरीही छाती उघडावीच लागेल असे पेशंट राहणारच. जन्मजात दोष असलेली बाळं, फाटलेली महाधमनी, स्टेंटला दाद न देणारे ब्लॉकेज.

घरात कोणी एमसीएचचं कॉलेज निवडत असेल, तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि सरळ विचारा: गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने किती बायपास केल्या?