साउंडप्रूफिंग वेगळं, ट्रीटमेंट वेगळी. अंड्यांचे ट्रे आधी खाली ठेवा

गणपतीला चाकरमानी यायच्या आत गाणं निघालं पाहिजे म्हणून गावोगावची पोरं आषाढापासूनच कामाला लागतात, आणि त्यातलं कुणीतरी घराखालची खोली साफ करून स्टुडिओ करायला घेतं. खरं तळघर आपल्याकडे कुणाचं नसतं, उतारावर घर बांधलं की जोत्याखाली एक खोली निघते, अर्धी डोंगरात अर्धी उघडी, तिलाच आपण तळघर म्हणायचं. मग पहिलं काम काय, तर अंडीवाल्याकडून ट्रे आणा नाहीतर काळा-लाल फोम मागवा आणि भिंतभर चिकटवा. आणि वर विचारायचं, एवढं साउंडप्रूफ केलं तरी शेजारचे काका बोंबलत येतात, काय करू? अरे बाबा, तू साउंडप्रूफ केलंच नाहीयेस.

आवाज आतून बाहेर आणि बाहेरून आत जाऊ नये म्हणून करतात ते साउंडप्रूफिंग, हे सगळ्यांना माहितीये, त्यावर जास्त बोलत नाही. वजन हवं आणि फट नको, बास. नऊ इंची चिऱ्याची भिंत, दोन्हीकडून गिलावा, म्हणजे वजन तुमच्याकडे फुकटात आहे, शहरातल्या जिप्समच्या पार्टिशनवाल्यांना हे नशीब नाही. आवाज जातो तो दाराखालून, खिडकीतून, आणि कौलारू असेल तर भिंतीच्या वर वाशांमधून. भिंतीच्या एक टक्का जरी भोक राहिलं तरी भिंत कितीही जाड असू दे, २० डेसिबलच्या वर काही अडत नाही. म्हणजे दाराला चांगलं रबर लावलं आणि खिडकीला आतून दुसरी जाड काच बसवली तर काकांचा प्रश्न बराचसा मिटतो, फोम कितीही लावा, मिटत नाही.

ट्रीटमेंटचा शेजाऱ्यांशी काही संबंध नाही. खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये आणि मिक्स करणाऱ्याच्या कानात येतो, तो आवरायचा, एवढंच तिचं काम. आणि घोळ होतो तो इथेच, कारण दोन्हींना लागणारा माल एकमेकांच्या अगदी उलटा आहे. तोंड लावून फुंकर मारून बघा. गोधडी, कापसाची गादी, काथ्याचा जाड थर, रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर, यातून फुंकर पलीकडे जाते, म्हणजे आवाजही आत शिरतो, धाग्यांमध्ये हवा घासली जाते आणि जोर मरतो. पण जिथून हवा आरपार जाते तिथून उरलेला आवाजही आरामात जाणार, तो अडवायला चिरा, काच, जाड प्लाय असंच काहीतरी लागतं ज्यातून फुंकर जात नाही. अंड्याचा ट्रे दोन्हीकडे नापास, ना वजन ना जाडी, वर तो कागदाचा लगदा, वायरिंगजवळ पेटला की संपलं.

आता फोमचं ऐका. १०० हर्ट्झची, म्हणजे खालच्या जाड सुराची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यासमोर एक इंचाचा फोम म्हणजे काहीच नाही. तो खातो फक्त वरचे आवाज. म्हणून फोमवाल्या खोलीत टाळ मरगळतात, गाणाऱ्याचा आवाज कोंदट येतो आणि ढोलकीचा धुम्म जसाच्या तसा फिरत राहतो, आणि लोकांना वाटतं वा, घुमत नाही म्हणजे खोली जमली. चार इंच जाडीच्या खाली मी पॅनल, म्हणजे काथ्या नाहीतर रॉकवूल भरलेली चौकट, बनवूच देत नाही, आणि कोपऱ्यात तर त्याहून जाड हवं कारण बास, म्हणजे हेच खालचे सूर, साचतो कोपऱ्यात.

आणखी एक गंमत आहे जी फारसं कुणी सांगत नाही. कौलारू पडवीत वाजवलं तर बास एवढा त्रास देत नाही, कारण तो कौलांतून सरळ बाहेर निघून जातो. तीच मंडळी स्लॅबखालच्या बंद खोलीत बसली, दाराला रबर लावलं, की तो बास जाणार कुठे, आतच घुमत बसतो. म्हणजे साउंडप्रूफिंग जितकं चांगलं कराल तितकी ट्रीटमेंट जास्त लागते. समजा खोली १० फूट लांब आहे. तिच्यात ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर लांबीच्या दोन्ही टोकांना दणकून ऐकू येतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ गायब होतो. बास गिटारची ए तार मोकळी छेडली तर ५५ हर्ट्झ. आता मिक्स करणारा मधोमध खुर्ची टाकून बसलाय, त्याला तो सूर ऐकूच येत नाही, तो चढवतो, अजून चढवतो, आणि गाणं गाडीत लावल्यावर नुसतं धब धब. मग शिव्या स्पीकरला. खुर्ची फूट-दीडफूट पुढे घे ना आधी!

डोंगराकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येणारच. तिच्यावर पॅनल चिकटवलं तर श्रावण संपायच्या आत मागे बुरशी, आणि तो वास मग दिवाळीपर्यंत जात नाही. दोन-तीन इंच जागा सोडून फ्रेमवर उभं करा. वारा खेळतो, आणि मागे हवेचा थर असला की तेच पॅनल जरा अजून खालचे सूर खातं, म्हणजे फुकटचा फायदा.



पैसे कमी असतील तर मी डोळे झाकून ट्रीटमेंट आधी करीन. शेजाऱ्यांना वेळ सांगून ठेवता येते, आपल्याकडे रात्री दहाच्या आत कुणी फार बोलत नाही, निदान गणपतीच्या गाण्याला तरी नाही. पण घुमलेलं रेकॉर्डिंग नंतर कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही प्लगइनने धड साफ होत नाही.

राहिला पाऊस. वर पत्र्याची शेड असेल तर तो आवाज बाहेरचा, म्हणजे काम साउंडप्रूफिंगचं, आणि पत्र्यावर वजन चढवणं आपल्या बजेटात बसत नाही. गाद्या लटकवून तो थांबत नाही, उगाच घाम गाळू नका. सर धरली की बास गिटार आणि कीबोर्ड थेट वायरने इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात घ्या, त्याला माइकच नको. गाणाऱ्याला चहा पाजून बसवून ठेवा आणि उघडीप मिळाली की उभं करा. आणि खिडकीखालच्या डबक्यातल्या बेडकांना त्याआधी हुसकवा, ते नेमके अंतऱ्यात सुरू होतात.