हुकूम आणि माहिती : सेल्युलर मोडेमच्या नियंत्रणाची पार्श्वभूमी

विजेच्या मीटरमध्ये, वाहनाचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्रात किंवा कार्डाने पैसे घेणाऱ्या यंत्रात बसवलेला सेल्युलर मोडेम, म्हणजे मोबाइल जाळ्यावरून माहिती पाठवणारा भाग, चालू झाला, की त्याच्याकडे जाणारा पहिला हुकूम बहुधा 'एटी' या दोन अक्षरांचा असतो, आणि 'ओके' असे उत्तर आल्यावरच पुढचे काम सुरू होते. ही पद्धत १९८१ सालची, म्हणजे जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीचे पहिले व्यावसायिक जाळे सुरू होण्याच्या दहा वर्षे आधीची आहे. ती इतकी का टिकली हे समजून घ्यायचे, तर एक जुना प्रश्न लक्षात घ्यावा लागतो : मोडेमला द्यायचे हुकूम आणि मोडेममधून पलीकडे पाठवायची माहिती यांनी एकाच वाटेने जायचे की वेगवेगळ्या?

सुरुवातीला या वाटा वेगळ्याच होत्या. अमेरिकेत १९६० च्या दशकात संगणकाला आपोआप फोन लावायचा असेल, तर मोडेमच्या शेजारी बेल ८०१ सारखा स्वतंत्र डायल करणारा संच ठेवावा लागे आणि त्याची जोडणीही आरएस-३६६ या वेगळ्या प्रमाणकानुसार असे. मोठ्या संगणक-केंद्रांना हा खर्च झेपत होता, पण घरगुती संगणकांना तो परवडणारा नव्हता. अटलांटातील डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी आधी संगणकाच्या आत बसणारी मोडेम-कार्डे बनवली. त्यांत प्रोग्रॅम कार्डाच्या रजिस्टरांशी (छोट्या स्मृती-कप्प्यांशी) थेट बोलत असल्याने नियंत्रणाची अडचण नव्हती, मात्र प्रत्येक संगणकासाठी वेगळे कार्ड लागे. सर्व संगणकांत सारखी मिळण्याजोगी गोष्ट एकच होती, ती म्हणजे सिरियल पोर्ट, एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी. त्या पोर्टाच्या नियंत्रण-तारा प्रत्येक यंत्रात सारख्या वापरल्या जातील याची खात्री नसल्याने, १९८१ च्या 'स्मार्टमोडेम'मध्ये हुकूमसुद्धा माहितीच्याच तारेवरून, साध्या अक्षरांत पाठवण्याचा निर्णय झाला. सेकंदाला ३०० बिट पाठवणाऱ्या त्या पेटीत एक छोटा नियंत्रक बसवला होता आणि तोच ही अक्षरे वाचत असे.

या अक्षरांची निवडही सहज केलेली नव्हती. 'ए' या अक्षराच्या आस्की संकेतात (अक्षरे अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत) सर्वांत खालचा बिट १ असतो. त्यामुळे त्याच्या आधी येणारा, अक्षर सुरू झाल्याचे सांगणारा ० हा प्रारंभ-बिट एकटा उठून दिसतो आणि त्याची रुंदी मोजून मोडेमला समोरच्या संगणकाचा वेग कळतो. पाठोपाठ आलेल्या 'टी'वरून पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेल्या बिटाचा, अंदाज बांधता येतो. आजही अनेक मॉड्यूल (यंत्रात बसवायचे तयार मोडेम) पहिल्या 'एटी'वरूनच आपला वेग जुळवतात.

खरी कसरत पुढे होती. फोन लागल्यावर तारेवरून जाणारे प्रत्येक अक्षर पलीकडे पोचवायचे असते. मग मधेच 'फोन ठेव' असे मोडेमला सांगायचे कसे? हेदरिंग्टन यांनी शोधलेला उपाय असा होता की, आधी सुमारे एक सेकंद शांतता, मग तीन अधिकचिन्हे आणि पुन्हा तेवढीच शांतता, असे घडले तरच मोडेमने तो इशारा मानावा. महत्त्व चिन्हांना नव्हते, शांततेला होते, आणि १९८५ मध्ये मिळालेले पेटंटही त्याच युक्तीसाठी होते. स्वामित्वशुल्क टाळण्यासाठी काही स्पर्धकांनी शांततेची अट गाळली आणि चिन्हांमागोमाग वैध हुकूम आला की इशारा खरा मानायचा, असे ठरवले. परिणाम असा झाला की पुढे इंटरनेटच्या काळात खोडसाळ लोक तीच अक्षरे घातलेले पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणारे संदेश) पाठवत, समोरचा संगणक नियमाप्रमाणे ती जशीच्या तशी परत करू लागे आणि त्याचा स्वतःचाच मोडेम ती वाचून फोन ठेवून देई. हुकूम आणि माहिती एका तारेवर आणल्याची किंमत याहून स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल.

जीएसएमची पहिली व्यावसायिक सेवा १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली. त्या जाळ्यावरून सेकंदाला ९,६०० बिटांची डेटा-जोडणी मिळू लागली, तेव्हा संगणकांतील सारे संवाद-प्रोग्रॅम हेजचीच भाषा बोलत होते. नवी भाषा रचण्याऐवजी युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे एटसीने, तीच वाढवली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९५ मध्ये व्ही.२५टेर या नावाने (पुढे व्ही.२५०) या हुकमांचे प्रमाणक केले होते. त्यात अधिकचिन्हानंतरच्या अक्षरावरून हुकमाचे क्षेत्र ओळखण्याची सोय होती : फॅक्ससाठी 'एफ', सेल्युलरसाठी 'सी'. जीएसएम ०७.०७ आणि लघुसंदेशांसाठीचे ०७.०५ हे दस्तऐवज त्यावर उभे राहिले आणि आज थ्रीजीपीपी या मोबाइल प्रमाणके ठरवणाऱ्या संघटनेच्या २७.००७ आणि २७.००५ या क्रमांकांनी ते चालू आहेत. सिमचा पिन देणे, जाळ्यातील नोंदणी विचारणे, सिग्नलची ताकद पाहणे ही कामे त्यांतूनच होतात. ताकद ० ते ३१ अशा अंकांत मिळते. ० म्हणजे उणे ११३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) किंवा त्याहून कमी, ३१ म्हणजे उणे ५१ किंवा अधिक, आणि ९९ म्हणजे मोडेमलाच ती माहीत नाही.

ही उत्तरे मुळात पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी रचलेली होती, हे यंत्र-संवाद करणाऱ्यांना फार लवकर जाणवले. मोडेम न विचारताही बोलतो : फोन आला, संदेश आला, नोंदणी गेली. अशी सूचना एखाद्या हुकमाच्या उत्तराच्या मधेच टपकली, तर माणूस ती सहज वेगळी काढतो, पण प्रोग्रॅमला त्यासाठी काटेकोर वाचक लिहावा लागतो. माझ्या मते मोडेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले निम्मे दोष या एकाच ठिकाणी सापडतील.

जीपीआरएस ही जीएसएमवरून पॅकेटांनी माहिती पाठवण्याची सेवा आल्यावर 'फोन लावणे' ही केवळ औपचारिकता उरली. आधी एका हुकमाने एपीएन, म्हणजे जाळ्याच्या डेटा-प्रवेशद्वाराचे नाव, सांगायचे आणि मग *९९# या क्रमांकाला डायल करायचे. प्रत्यक्षात कोणाचाही फोन वाजत नाही. फोनच्या जोडणीवरून इंटरनेटची पॅकेट नेण्यासाठी संगणक ज्या पीपीपी प्रोटोकॉलने बोलतो तो बहुतेक वेळा मोडेममध्येच संपतो आणि पुढे फक्त आयपी पॅकेट जातात. जुने डायल-अप प्रोग्रॅम न बदलता चालावेत, एवढ्यासाठी हे नाटक उभे केले होते. मात्र त्यात सिरियल तार माहितीने व्यापली जाई आणि सिग्नल विचारायलाही जोडणी थांबवावी लागे. त्यावर जीएसएम ०७.१० (आता २७.०१०) या प्रमाणकाने एकाच तारेवर अनेक आभासी वाहिन्या आखून दिल्या.

यूएसबीने हा पेच अधिक सोप्या रीतीने सोडवला, कारण एकाच जोडणीतून मोडेम अनेक पोर्ट दाखवू शकतो. काही डोंगल (यूएसबीत खोचायचे मोडेम) आधी सीडी असल्याची बतावणी करून आपला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, पुढे करत आणि खास संदेश मिळाल्यावरच मोडेम होत, हा त्या काळातला एक डोकेदुखीचा भाग. एलटीईच्या (चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्याच्या) वेगापुढे पीपीपी अपुरा पडू लागला, तेव्हा अक्षरांऐवजी बायनरी संदेशांचे मार्ग पुढे आले : चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा क्यूएमआय आणि यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमचे २०११ मधील एमबीआयएम. क्यूएमआयसाठीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) २०१२ मध्ये दाखल झाला आणि 'मोडेममॅनेजर'सारखा प्रोग्रॅम हे सारे प्रकार एकाच छताखाली हाताळू लागला. हुकूम आणि माहिती पुन्हा वेगळ्या झाल्या.

एटी हुकूम मात्र गेले नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुरक्षा-अभ्यासात ११ उत्पादकांच्या दोन हजारांहून अधिक अँड्रॉइड फर्मवेअरमधून (फोनमध्ये आधीच भरलेल्या प्रोग्रॅम-संचांतून) सुमारे ३,५०० वेगवेगळे एटी हुकूम निघाले आणि त्यांतले काही यूएसबीवरून सुरक्षेची बंधने ओलांडू देत असल्याचे दिसले. लहान यंत्रांत तर त्यांचेच राज्य आहे, कारण साध्या नियंत्रकाकडे सिरियल पोर्टाखेरीज फारसे काही नसते, म्हणजे परिस्थिती १९८१ सारखीच आहे. फरक इतकाच की आता प्रश्न वेगाचा नसून झोपेचा आहे. बॅटरी वर्षानुवर्षे पुरावी म्हणून मोडेमने जाळ्याला गाठता न येणाऱ्या झोपेच्या अवस्थेत किती वेळ राहावे, हे थ्रीजीपीपीच्या १२ व्या आवृत्तीत आलेल्या पीएसएम या वीज वाचवण्याच्या सोयीद्वारे एटी हुकमानेच मागितले जाते, आणि किती वेळ द्यायचा हे जाळे ठरवते.

त्यातच अनेक मॉड्यूलांनी टीसीपी आणि एमक्यूटीटी हे इंटरनेटवरून माहिती पाठवण्याचे प्रोटोकॉल स्वतःच्या पोटात घेतले आहेत. त्यांत पाठवायची माहिती हुकमाचाच भाग म्हणून जाते, पण हे हुकूम प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने मॉड्यूल बदलले की प्रोग्रॅमही बदलावा लागतो. १३ व्या आवृत्तीतील एनबी-आयओटी या लहान यंत्रांसाठीच्या मोबाइल पद्धतीने तर जाळ्याच्या आतही तेच केले : मीटरचे छोटे वाचन जाळ्याच्या नियंत्रण-संदेशांतच घालून पाठवता येते, त्यासाठी वेगळी डेटा-वाहिनी उघडावी लागत नाही.