डेट्रॉइट खरंच फसलं होतं का?
बेसबॉलमधल्या फसलेल्या सौद्यांचा विषय निघाला की डेट्रॉइट टायगर्सचं नाव हमखास येतं. ऑगस्ट १९८७मध्ये त्यांनी ३६ वर्षांच्या डॉयल अलेक्झांडर या पिचरसाठी (चेंडू फेकणारा खेळाडू) जॉन स्मोल्ट्झ हा तरुण पिचर अटलांटाच्या संघाला देऊन टाकला, आणि स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत पोहोचला. पण त्यावरून डेट्रॉइटला मूर्खात काढणं मला साफ अन्यायाचं वाटतं. तेव्हाचा स्मोल्ट्झ म्हणजे डबल-एमध्ये (मुख्य लीगच्या खालच्या दुय्यम लीगमध्ये) स्वतःच्या नावावर ४ विजय, १० पराभव अशी कामगिरी असलेला, चाचपडणारा २० वर्षांचा पोरगा. अलेक्झांडरने मात्र आल्या आल्या ११ सामन्यांत ९ विजय मिळवले, पराभव एकही नाही (उरलेल्या दोन सामन्यांचा निकाल त्याच्या नावावर लागला नाही)! शेवटच्या आठवड्यात टोरोंटोविरुद्धची ४-३ अशी अटीतटीची लढतही त्यानेच जिंकून दिली. डेट्रॉइटने लीगमधला आपला विभाग (गट) जिंकला तो जेमतेम २ सामन्यांच्या फरकाने. पुढे बाद फेरीत मिनेसोटाने त्यांना हरवलं, अलेक्झांडरही तिथे मार खाऊन गेला. पण त्याच्याविना ते तिथवर पोहोचलेच नसते.