अस्तेय आणि अपरिग्रह: विचारून घेतलेल्या माहितीचं काय करायचं?

आमच्या सोसायटीच्या गेटवर तीन वर्षांपासून ॲप आहे. कुणीही आलं की वॉचमन नाव, मोबाइल नंबर आणि फोटो घेतो, मगच फाटक उघडतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, की हे सगळं आपण किती दिवस ठेवतो? उत्तर आलं, "अहो, विचारूनच घेतो ना! चोरून थोडंच घेतो?" उत्तर खरं होतं, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते अस्तेयाबद्दल, म्हणजे चोरी न करण्याबद्दल होतं आणि मी विचारत होतो अपरिग्रहाबद्दल, म्हणजे साठा न करण्याबद्दल.

पतंजलींच्या योगसूत्रांत यम, म्हणजे संयमाचे नियम, पाच आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. सूत्रकार शब्दांच्या बाबतीत किती काटकसरी असतात हे आपण जाणतो. अस्तेय आणि अपरिग्रह एकच असते, तर त्यांनी एक शब्द नक्की वाचवला असता. तरी आपल्या मनात ते एकमेकांत मिसळलेत, आणि त्याला एक थोर कारण आहे. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी गरज नसलेली वस्तू जवळ ठेवणं हेही चोरीच्याच पंक्तीला बसवलं. त्या विचाराची नैतिक ताकद मी मानतो. पण माहितीचा, म्हणजे डेटाचा प्रश्न आला की दोन्ही पुन्हा वेगळे करावे लागतात, नाहीतर एकाचं उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेता येते.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात स्तेयाची, म्हणजे चोरीची, व्याख्या अशी आहे: शास्त्राला सोडून दुसऱ्याकडून द्रव्य घेणं. 'परतः', म्हणजे दुसऱ्याकडून, हा त्यातला कळीचा शब्द. वस्तू कुणाकडून आली, कशी आली, एवढंच इथे तपासायचं. म्हणून संमती, परवानगी, 'मला मान्य आहे'ची खूण हे सगळे अस्तेयाचे प्रश्न आहेत. ते हलके नाहीत. एखादं ॲप माझी संपर्कयादी मागतं आणि मी 'हो' म्हणतो; पण त्या यादीतल्या नंबरांपैकी एकही माझा नाही. ते माझ्या मामाचे, शाळेतल्या बाईंचे, दूधवाल्याचे. मी कुणाच्या वतीने हो म्हणालो? शिवाय भाष्यकार पुढे म्हणतात की अस्तेय हे 'अस्पृहारूप' आहे, म्हणजे हाव नसणं. 'नको'चं बटण फिकट रंगात कोपऱ्यात लपवून मिळवलेली संमती कागदावर निर्दोष दिसेल, या कसोटीवर मात्र ती टिकत नाही.

अपरिग्रहाची व्याख्या वेगळ्याच दिशेने जाते. विषयांच्या, म्हणजे भोगवस्तूंच्या, अर्जन (मिळवणं), रक्षण, क्षय, संग (ओढ) आणि हिंसा या पाचांत दोष दिसल्यामुळे त्यांचा स्वीकार न करणं, म्हणजे अपरिग्रह. वस्तू कुणाची होती हा प्रश्नच इथे नाही. ती रीतसर तुमची झालेली असली तरी ही पाच दुखणी तिच्या मागोमाग येतात. माहितीला ती इतकी तंतोतंत लागू पडतात, की वाचताना मी थबकलो.

अर्जनाचे कष्ट गेटवर पावसात भिजणाऱ्या रांगेला विचारा. रक्षणाचं म्हणाल, तर आमच्या मागच्या कमिटीतल्या दोघांचं लॉगिन अजून चालू होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. क्षय हा धान्याचा असतो तेव्हा कणगी रिकामी होते. माहिती फुटते तेव्हा ती आपल्याकडेही राहते आणि जगभरही जाते, त्यामुळे गेल्याचं कळतसुद्धा नाही. संग म्हणजे 'असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल'. साठवण स्वस्त झाल्यापासून ही ओढ फार वाढली आहे, कारण पुसायला कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो आणि ठेवायला काहीच करावं लागत नाही.

आणि हिंसा. आमच्याकडे दोन घरांत काम करणाऱ्या मावशींचा पगारावरून एका घराशी वाद झाला. तेव्हा कुणीतरी त्यांच्या येण्याजाण्याच्या तीन वर्षांच्या वेळा ॲपमधून काढून सगळ्यांसमोर वाचल्या. कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर, सगळं. मावशींनी पहिल्या दिवशी फोटो आणि नंबर आपण होऊन दिला होता, आत सोडावं म्हणून. चोरी कुणीच केली नव्हती. मी तिथे होतो आणि काही बोललो नाही, ते अजून टोचतं.

आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात, 2023 च्या कायद्यात, हे दोन्ही धागे वेगवेगळे दिसतात. संमती मोकळी, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी, हा अस्तेयाचा धागा. पण कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि ते वापरणाऱ्या बाईंनी सल्ला आणि यादी दोन्हींना होकार दिला, तरी सल्ल्यासाठी यादीची गरज नसल्याने ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते. म्हणजे परवानगी असूनही जास्तीचं घेता येत नाही. आणि हेतू संपला की माहिती पुसायची, हे कलम तर उघड अपरिग्रहाचं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वादात मात्र कुणाचं लिखाण कुणी उचललं यावरच सगळी चर्चा होते. आपण रोज त्या यंत्राशी जे बोलतो ते किती काळ राहतं, हे फार थोडे विचारतात.

यावर आक्षेप ठरलेला असतो: अपरिग्रह योगी लोकांसाठी, आम्ही संसारी माणसं. रास्त आहे. इस्पितळाने जुने रिपोर्ट फेकले तर रोगीच अडचणीत येईल. तुकोबांनी गृहस्थाला धन जोडायला मनाई केली नाही: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी'. पहिल्या अर्ध्यात मिळवण्याची रीत, दुसऱ्यात हात सैल ठेवण्याची. आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो.

किती साठवावं याचं मोजमापही परंपरेत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ब्राह्मण गृहस्थाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: कणगीभर धान्य असलेला, मडकंभर असलेला, तीन दिवसांपुरतं असलेला, आणि उद्यासाठी काहीच नसलेला, पुढचा पुढचा अधिक श्रेष्ठ. वर्णाची चौकट बाजूला ठेवली तरी संग्रहाला मुदत लावायची ही कल्पना मला मोलाची वाटते.

मी कमिटीपुढे तसाच कागद ठेवला. ओटीपी उद्यासाठी उरू नये. डिलिव्हरीवाल्यांची नोंद तीन दिवस. पाहुण्यांची महिनाभर. भाडेकरूंचे करार कणगीत, मुदत संपेपर्यंत आणि कायदा सांगेल तितके. पहिले तीन मुद्दे मंजूर झाले. मावशींच्या जुन्या नोंदी पुसायच्या की नाही, यावर मात्र एकमत झालं नाही. विषय पुढच्या मीटिंगवर गेला आहे, आणि या वेळी मावशींनाही बोलवावं असं मी लेखी दिलं आहे.