ओपन सोर्स आणि ओपन स्टँडर्ड : सरकारी फाईल नेमकी कशात अडकते?

सरकारने सॉफ्टवेअर कंपन्यांवर विसंबून राहू नये, अशी चर्चा निघाली की ‘ओपन सोर्स’ आणि ‘ओपन स्टँडर्ड’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पहिला शब्द प्रोग्रॅमविषयी आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या सूचनांनी बनतो तो मूळ मजकूर, कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो. दुसरा शब्द मजकूर साठवण्याच्या नियमांविषयी आहे. ते नियम जाहीर असतात आणि कोणत्याही प्रोग्रॅमला पाळता येतात. केंद्र सरकारची धोरणेही वेगळी आहेत : ओपन स्टँडर्डचे, म्हणजे खुल्या मानकांचे, २०१० चे, तर ओपन सोर्सचे २०१५ चे.

काही वर्षांपूर्वी फोर्टमधल्या एका कार्यालयातून मला मराठी परिपत्रकाची फाईल मिळाली. उघडून पाहतो तर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. फाईल बिघडलेली नव्हती. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे ज्याचा तो विक्रेता ठरवी. लिबरऑफिस हा पूर्णपणे ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे, पण तो फॉन्ट नसलेल्या माझ्या संगणकावर त्यातही खिचडीच दिसली. याउलट, युनिकोडमधला मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डसारख्या मालकी हक्काच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असला, तरी बाहेर नेल्यावर मराठी मराठीच राहते.

केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड २००९ मध्ये स्वीकारले, पण जुना मजकूर त्यामुळे आपोआप बदलत नाही. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या रूपांतरक प्रोग्रॅमची गफलत होते ती इथेच, आणि मग कोणाला तरी ओळन् ओळ तपासत बसावे लागते. परवान्याच्या किमतीवर तावातावाने बोलणारे हा खर्च क्वचितच धरतात.

अर्थात, मानकाचा शिक्का मिळाला म्हणून सारे सोपे होते असेही नाही. ओडीएफ या दस्तऐवज साठवण्याच्या खुल्या स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या डॉक्स फाईलमागच्या ओओएक्सएमएल या स्वरूपाला तो २००८ मध्ये, भारताचे मत विरोधात असूनही, मिळाला. त्या नियमांची पाने सुमारे सहा हजार होती. इतके नियम तंतोतंत पाळणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिणे छोट्या गटाला कितपत परवडेल, अशी शंका मला आजही वाटते.

म्हणून निविदेत ‘ओपन सोर्स हवे’ एवढे लिहून भागत नाही. कंत्राट संपताना सर्व नोंदी कोणत्या खुल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळतील, हे त्यात आधीच लिहून घ्यावे लागते.