नेमणूक हुजुरांची, वागणूक कचेरीची

बडोद्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑफर लेटरसोबत बॉन्ड दिसला की ती बिचकतात. शिकवण्याचा खर्च आमचा, मग इतकी वर्षं सोडून जायचं नाही, हा त्याचा सरळ अर्थ. या गावाला तो हिशेब जुनाच आहे.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले तेव्हा कारभार पार विस्कटलेला होता. घडी बसवायला दिवाण आले ते बाहेरचे, त्रावणकोर आणि इंदूर सांभाळलेले सर टी. माधवराव. कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १८८१ च्या अखेरीस अधिकार हाती घेतले आणि कर्तबगार माणूस कुठलाही असो, तो आणायचा, हा रिवाज पुढे चालवला. रमेशचंद्र दत्त बंगालचे. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये आलेले बोर्डेन तर थेट अमेरिकेचे.

सगळ्यात मजेदार नेमणूक अरविंद घोषांची. आय.सी.एस.ची, म्हणजे इंग्रज सरकारच्या सनदी नोकरीची, लेखी परीक्षा ते पास झाले, घोडेस्वारीत अडले. सयाजीराव तेव्हा लंडनमध्येच होते. पगार ठरला महिना २०० रुपये, आणि आय.सी.एस.च्या तोडीचा माणूस २०० रुपयांत मिळवला असं महाराज कौतुकानं सांगत फिरत, ही आठवण खुद्द अरविंदांची. पगाराच्या वाटाघाटीत कोण जिंकलं ते उघडच आहे! १८९३ मध्ये रुजू झाल्यावर त्यांना आधी जमीन मोजणी-महसुलाच्या खात्यात बसवलं. पुढे ते कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा कुठे माणूस जागेवर आला.

दुसरी नेमणूक मात्र वाचताना घशाशी येते. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. अट अशी, की शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. म्हणजे बॉन्डच. सप्टेंबर १९१७ मध्ये ते करार पाळायला आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून काम सुरू झालं. निवड चोख होती, पण निवडीनंतरचं काहीच तयार नव्हतं. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून दीड रुपया रोजानं एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज आधीच केला होता, त्याचा निकाल लागलेला नव्हता. मुंबईची गाडी रात्रीची, तोवर ते कमाटीबागेत बसून राहिले. माझ्या मते संस्थानची चूक इंटरव्ह्यूत नव्हती, रुजू होण्याच्या दिवसात होती. हुजुरांचा हुकूम शिपायाच्या हातापर्यंत पोचलाच नाही.

रावपुरा-दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत संस्थानी नोकरीच्या गोष्टी अभिमानानं सांगतात. त्यात अरविंद हटकून असतात. हे अकरा दिवस क्वचित.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. खतांची जी.एस.एफ.सी. १९६२ ची, कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, पेट्रोकेमिकल्सची आय.पी.सी.एल. १९६९ ची. त्यांच्या वसाहतींत, फर्टिलायझरनगर किंवा जवाहरनगरात, क्वार्टर ग्रेडनुसार मिळे. घरमालकापुढे आडनाव सांगायची वेळ येत नसे. आताच्या कंपन्या वसाहती बांधत नाहीत. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात लॅपटॉप, आयकार्ड, पीएफचा फॉर्म सगळं घेतो आणि संध्याकाळी भाड्याचं घर शोधायला निघतो. तिथे पहिला प्रश्न आडनावाचा असतो, आणि एचआरच्या यादीत त्याला रकाना नाही.