दोन उंट आहेत, पण कुणाचे?

रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये नववीतला एक मुलगा डाव चालू असतानाच उठून आला. "सर, माझ्याकडे बिशप पेअर, म्हणजे उंटांची जोडी आहे, प्यादीपण दोन जास्त. जिंकलोच!" जाऊन बघतो तर पटावर उंट दोनच. उंट तिरका चालतो, त्यामुळे कायम एकाच रंगाच्या घरांवर राहतो. काळ्या घरांचा याचा, पांढऱ्या घरांचा समोरच्याचा. म्हटलं, "अरे, यातला एक त्याचा आहे!"

एकाच खेळाडूकडे दोन्ही उंट असले तर ती जोडी. दोघांकडे एकेक आणि तेही वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर असले तर ते विरुद्ध रंगांचे उंट. दिसायला सारखं, पण पहिल्यात डाव जिंकायची आशा वाढते, दुसऱ्यात शेवटी-शेवटी ती विरघळते.

त्या मुलाचंच बघा. त्याची पांढरी प्यादी ई५ आणि एफ४ वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). काळा राजा ई६ वर ठाण मांडून बसलेला. ते घर पांढरं, त्यामुळे याचा उंट त्याला जन्मात शह देऊ शकत नाही. एफ५ वर काळ्याच्या उंटाची नजर, प्यादं तिथे टाकलं की गेलं. तोवर काळा आपला उंट बी१ ते एच७ या तिरप्या रेषेत नुसता इकडून तिकडे हलवतो. अर्ध्या तासाने बरोबरी. (वजीर, हत्ती पटावर असताना मात्र हेच उंट हल्ला करणाऱ्याच्या कामाला येतात, त्याच्या उंटाच्या रंगावर बचाव करायला समोर उंटच नसतो.)

जोडीची गंमत वेगळी. एकट्या उंटाला आयुष्यभर ३२च घरं, दुसरा उरलेली ३२ सांभाळतो. मोकळ्या पटाच्या मध्यावरून उंट १३ घरांवर मारा करतो, घोडा ८. एकट्या राजावर दोन उंट मात करतात, दोन घोड्यांना ती जबरदस्तीने करता येत नाही. अमेरिकन बुद्धिबळपटू लॅरी कॉफमन यांनी १९९९ साली भरपूर डाव तपासून जोडीची जादा किंमत साधारण अर्धं प्यादं काढली. पण प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की ही किंमत कागदावरच राहते. निम्झो-इंडियन या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांत, काळा सी३ वरच्या घोड्यासाठी उंट राजीखुशीने देतो, तो याच हिशोबावर.

आणि जोडी असली तरी कुठला उंट कधी सोडायचा, हे कळावं लागतं. समजा समोर एक घोडा आणि पांढऱ्या घरांचा उंट आहे. तुम्ही पांढऱ्या घरांचा उंट त्याच्या उंटाशी बदललात तर उंट विरुद्ध घोडा उरतो, खेळायला जागा राहते. घोडा छळतोय म्हणून तोच उंट घोड्यावर खर्च केलात, तर उरतात विरुद्ध रंगांचे उंट.

मुलाची स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहायचा कागद, मागून घेतली. जोडी होती खरी, तेविसाव्या खेळीपर्यंत. तिथे उंटाने घोडा मारलेला, आणि पुढे स्वतःच 'मस्त खेळी'चं उद्गारचिन्ह टाकलेलं.